एका घासाचे चावे

शिनोलीच्या जानकाआत्याला जनावराचं दुखणं आधी कळायचं, थर्मामीटरला मागाहून. जनावरांच्या दवाखान्यात काम करणारी तिची भाची यशोधरा हे कौतुकानं सगळ्यांना सांगायची. आत्या कान चाचपायची, नाकपुडीचा ओलावा बघायची, दुधाच्या पहिल्या दोन धारा काळ्या फडक्यावर सोडून गाठी शोधायची. आणि दुपारी गोठ्यात बसून चावे मोजायची. निरोगी गाय रवंथाचा एक घास पन्नासेक वेळा चावते. आकडा चाळिसाच्या खाली गेला, की आत्या तिला वेगळी बांधायची. लाळ्या-खुरकूतची साथ आली तेव्हा पहिलं जनावर तिनं असंच हेरलं आणि बाकीचा गोठा वाचवला.

हिवाळ्यातल्या एका मंगळवारी आत्याचा फोन आला. "यशे, ये जरा. पांढरी एकुणचाळीसवर आलीय."

पांढरी सात महिन्यांची गाभण होती. आधीचं वासरू पोटातच गेलं होतं. हे तरी जगावं म्हणून आत्या महिनाभर गोठ्यातच झोपत होती. यशोधरानं ताप बघितला, शेण बघितलं, पापणी उलटून बघितली, रक्त तपासलं. सगळं ठीक.

"तुझ्या मशीनला मोजता येत न्हाई वाटतं," आत्या हसली. मग हळूच म्हणाली, "बाकीच्या दोघी बी बघ."

मोरणी आणि तांबू शेजारीच रवंथ करत होत्या. तिन्ही जबडे एका लयीत फिरत होते. एकोणचाळिसाव्याला तिन्ही थांबले. तीन घास एकदमच गळ्यातून खाली उतरले.

बुधवारी तीस. गुरुवारी एकवीस.

आत्या डगमगली नाही. पांढरीला तिनं ओढ्यापलीकडं पुतण्याच्या, राकेशच्या मळ्यात नेऊन बांधलं. दावं वेगळं, बादली वेगळी, चाराही तिकडचाच. इकडून तिकडं जाताना हातपाय साबणानं धुवायचे. पुस्तकातसुद्धा हे इतकं नीट लिहिलेलं नाही, असं यशोधराला वाटलं.

शुक्रवारी दुपारी आत्या मळ्यात आणि यशोधरा गोठ्यात. दोघींनी फोनवर एकदमच मोजलं.

"धा," आत्या म्हणाली.

"अकरा."

"बारा."

दोन्हीकडं जबडे थांबले.

"आत्या, पोटातलं कसं आहे?"

"हलतंय की. हात लावूनच बसलेय." आत्यानं हलणं मोजलं. "थांबून थांबून हलतंय पोरी. दर खेपेला बाराच येळा."

यशोधरा धावतच मळ्यात गेली. राकेशनं भाकरी आणली होती. "आधी खाऊन घ्या राव, उपाशीपोटी काय सुचणार?" तिघं बांधावर बसून खायला लागली.

यशोधरानं घास गिळला. त्याच क्षणी राकेशनं गिळला. आत्यानंही.

आत्यानं दोघांकडं बघितलं. मग उठली, साबणानं हात धुतले, आणि आपली भाकरी घेऊन लांब जांभळीखाली एकटीच जाऊन बसली. तिथं तिनं नवा घास तोंडात घातला आणि बोटांच्या एकेका पेरावर अंगठा टेकवत चावे मोजायला लागली.

अंगठा बाराव्या पेरावर आला, तेव्हा इकडं यशोधराचा घास आपोआप खाली उतरला.