रामाकोन्यात मॉरिशसचा पाहुणा

"ओ दादा, ही लाइन विदेशी विद्यार्थ्यांची आहे. तुम्ही तिकडं व्हा ना जी!"

प्रणालीनं दटावलं, तसा समोरच्या सावळ्या तरुणानं निमूट पासपोर्ट पुढं केला. देश — मॉरिशस. नाव — रोशन सकाराम.

"सखाराम असंन ना?"

"पणजोबा इथून मॉरिशसला निघाले तेव्हा सखारामच होते... 'ख' बहुधा जहाजात हरवला," तो अगदी पुस्तकी मराठीत म्हणाला. "क्षमा असावी, आपणांस त्रास झाला."

प्रणाली कानकोंडी झाली.

ती सौंसरजवळच्या रामाकोना गावची, शिकायला नागपूरच्या विद्यापीठात. परदेशी विद्यार्थ्यांच्या मदत कक्षात स्वयंसेविका. पोलिसांकडची नोंदणी, बँकेचं खातं, मेसमधलं तिखट, घरच्या आठवणीनं भरून आलेले डोळे... सगळीकडे तीच धावायची. शनिवारी कक्षाचे कार्यक्रम असत — पतंग, रांगोळी, पुरणपोळी. आणि प्रत्येक यादीत पहिलं नाव रोशनचं!

"मेहंदीच्या वर्गातही?" एकदा तिनं भुवया उंचावल्या.

"शिकण्यास काय हरकत?"

"काढणार कोणाच्या हातावर?"

तो तिच्या तळहाताकडे बघत राहिला... प्रणालीनं घाईघाईनं वही मिटली. त्या दिवशी दोन नावं लिहायची राहिलीच.

डिसेंबरात तिनं नऊ जणांची सहल आपल्या घरच्या बागेत आणली. वाटेत जामसांवलीला हनुमानाचं दर्शन झालं. बागेत कोवळं ऊन, पानांआड लगडलेली संत्री, हवेत सालीचा झणझणीत गोड वास. बाकीचे फोटोत रमले. रोशन मात्र एकटाच बाजूला उभा होता.

"काऊन जी, आवडलं नाही का?"

"फार आवडलं. तेच अवघड झालं आहे." तो थांबला. "मे महिन्यात एम.ए. संपतं. तिकडे शाळेत मराठी शिकवायची नोकरी ठरली आहे... आणि इथून पाय निघत नाही."

"संत्र्यांसाठी?"

"नाही. तुझ्यासाठी."

'आपण' पहिल्यांदाच गळून पडलं होतं. प्रणालीच्या हातातलं संत्रं अर्धवट सोललेलं राहिलं.

"हे... बाबांना सांगायची हिंमत आहे?" ती पुटपुटली.

तिला वाटलं, तो हसून विषय बदलेल. तो तर सरळ चालू लागला!

तिचे बाबा, रघुनाथराव, पांढुर्ण्याच्या मंडीतून नुकतेच परतले होते आणि गाडीतून संत्र्यांचे रिकामे कॅरेट उतरवत होते. रोशननं आधी चार कॅरेट उतरवले. मग हात जोडून सगळं सांगितलं. झाडाआडून प्रणाली ऐकत होती.

रघुनाथरावांनी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं कपाळ पुसलं.

"हे पाह्य बाबू, पोरगी माही एकुलती एक. तिले इतक्या दूर नेशीन, का तू इथं राहशीन?"

"ते... तिला विचारायचं राहिलं."

रघुनाथराव खदखदून हसले. "मंग मले कायले विचारून राहिला? आधी तिले विचार! ती हो म्हणंन, तं मायबापाले घिऊन ये. जेवता जेवता बोलू."

रोशन वळला. ती मागेच उभी होती — डोळ्यांत पाणी, ओठांत हसू.

"ऐकलंस?"

"ऐकलं ना."

"मग?"

तिनं आयुष्यात फार तर कन्हान नदीचा पूर पाहिला होता.

"मी समुद्र नाही पाहिला कधी," ती हळूच म्हणाली. "आधी तुमचा दाखव. करमलं तर ठीक... नाही तर तू इकडं ये."

"आणि उत्तर?"

"हेच तं उत्तर आहे, बाप्पा!"

आणि आठही मित्रांच्या देखत तिनं त्याचा हात धरला.