सलोखा

मिरजेत तापाचे रुग्ण कमी झाले होते. ज्यांनी ‘सलोखा’ घेतला होता, त्यांना तर ताप येतच नव्हता.

सलोख्यामागची कल्पना साधी होती. कुठल्याच औषधाला दाद न देणारे जंतू फुप्फुसात शिरले, की शरीराच्या रक्षक पेशी त्यांच्यावर तुटून पडतात. सूज येते, पू होतो आणि या धुमश्चक्रीत फुप्फुसाचीच चाळण होते. जंतूंपेक्षा ही लढाईच माणसाला संपवते. सलोख्याचं इंजेक्शन दिलं, की रक्षक पेशी त्या जंतूंकडे काणाडोळा करू लागत. जंतूही राहत, माणूसही जगे.

डॉ. हेमांगी टिळेकरने तो आधी उंदरांवर वापरला. जंतूंनी भरलेले तिचे उंदीर तुकतुकीत दिसत. पुढे तो माणसांना मिळाला आणि निवृत्त चित्रकला शिक्षक त्र्यंबक कोठावळे मरणाच्या दारातून परतले.

नंतर एकदा तिने त्याच पिंजऱ्यांत सलोखा न दिलेली उंदरांची पिल्लं ठेवली. सगळी मेली. फुप्फुसं कापून पाहिली, तर आत पू भरला होता.

तिने त्र्यंबकरावांना बोलावून घेतलं. बाळंतपणासाठी माहेरी आलेली मुक्ता, त्यांची मुलगी, सोबत आली. हेमांगीने काही न लपवता सांगितलं.

“म्हणजे मी बरा झालोच नाही?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही बरे आहात, काका. पण ते जंतू तुमच्या श्वासात आहेत. धडधाकट मोठी माणसं बहुधा तग धरतात, तान्ही बाळं नाही.”

सलोखा मोडता येईल का, असं त्यांनी विचारलं. मोडला तर रक्षक पेशी एकदम उठतील आणि फुप्फुसं टिकणार नाहीत, असं ती म्हणाली. मग ते शांतपणे म्हणाले, की देवरुखला भावाचं घर रिकामं आहे, तिथे जाऊन राहीन.

“त्या पिल्लांना सलोखा दिला असता तर?” मुक्ताने विचारलं.

हेमांगीने तेही करून पाहिलं होतं. ती पिल्लं जगली होती. हा प्रश्न कुणी विचारू नये, असं तिला वाटत होतं.

“मग तुझ्या बाळाच्याही श्वासात जंतू राहतील, मुक्ता. शेजारच्या बाळाचं काय?”

“शेजारच्यांचं शेजारी बघतील. मला बाबा घरात हवेत.”

मुलगी झाली. हेमांगीने तिला इंजेक्शन दिलं. त्र्यंबकरावांनी नातीला मांडीवर घेतलं.

पावसाळा सरता सरता त्यांच्याच गल्लीतली एक बाई आपलं तान्हं बाळ घेऊन आली. बाळ ठणठणीत होतं. तरीही तिला सलोखा हवा होता. तिच्यामागे आणखी दोघी उभ्या होत्या.

नाही म्हणायला हेमांगीजवळ आता कारणच उरलं नव्हतं.