नीतूच्या नावाचं पुस्तक

"मॅडम, ते पुस्तक चोरीले नाही गेलं. बंद झालं." एकोडीचे पोस्टमास्तर श्यामराव फोनवर सांगत होते. "अन् बंद कोनं केलं म्हनता? नीतूनं!"

"कोण नीतू?"

"तेच तं! दिवाळीपासून बेपत्ता हाय ते पोरगी."

डाक निरीक्षक तेजस्विनी हेडाऊनं हातातला चहा खाली ठेवला. एकोडीची ती तक्रार तिनं किरकोळ समजून बाजूला सारली होती. पुण्याचं एक मासिक मार्चपासून येत नाही, एवढीच तक्रार. जिल्हा फुटून सहा वर्षं झाली होती, तरी बाहेरची मंडळी पत्त्यावर गोंदिया की भंडारा याचा घोळ घालत. पाकिटं चार गावं भटकून घरी येत. तिनं आपलं मासिकाच्या कचेरीला एक पत्र टाकून दिलं होतं.

त्याचं उत्तर आता थेट एकोडीला पोचलं होतं, आणि सोबत होती एका पोस्टकार्डाची झेरॉक्स.

एकोडीचं पोस्ट म्हणजे श्यामरावांच्या घराची पुढची खोली. तिथं बेबीबाई नान्हे ती झेरॉक्स छातीशी धरून बसली होती. सुकलेल्या अंगाची, पन्नाशीची बाई. तिचा नवरा सुखराम गावच्या तळ्यावर मासे धरी. नीतू त्यांची एकुलती एक.

"माही पोरगी जित्ती हाय, मॅडम," ती म्हणाली. "हे पाहा. तिनंच लिवलं."

तेजस्विनीनं वाचलं. 'माझी वर्गणी बंद करावी. यापुढे अंक पाठवू नये. वर्गणीदार क्रमांक ४१७२. नीतू सुखराम नान्हे.' तारीख सोळा फेब्रुवारी. शिक्का एकोडीचा.

म्हणजे कार्ड याच गावच्या पेटीत पडलं होतं.

"श्यामराव, शिक्का मारताना तुम्ही हे वाचलं नाही?"

"मी लोकायचे कार्ड वाचत नाही, मॅडम."

गावच्या पोस्टमास्तरानं असं म्हणावं आणि लोकांनी ते ऐकून घ्यावं! तेजस्विनीनं त्यांच्याकडे रोखून पाहिलं. श्यामरावांनी घाईघाईनं नीतूचा बचत खात्याचा जुना फॉर्म काढून पुढे केला. "मीनं नाही लिवलं, बाप्पा. अक्षर तिचंच हाय. 'न'ची गाठ पाहा."

गाठ खरोखर तशीच होती.

"गावात येऊन गेली, अन् मायले भेटली नाही," बेबीबाई पुटपुटली. "काहून? माहं काय चुकलं?"

तेजस्विनीला गलबलून आलं. पण तिचं काम विचारायचं होतं.

"अंक घरी कोण वाचतं?"

"कोनीच नाही. तलाठ्याच्या परीक्षेसाठी लावलं होतं तिनं. मले वाचता येत नाही. मी तं पाकीट फोडत बी नाही. वरती तिचं नाव राहते ना, छापलेलं. जिचं नाव घरी येते, ते मेली कशी म्हनाची?"

"क्रमांक पाकिटावरच असतो. पाकिटं कुठं ठेवता?"

"पेटीत. मी हात लावतो, नाहीतं नीतूचे बाबा."

"ते शिकलेले आहेत?"

"चवथी. पाटीवर तिले अक्षरं त्यायनंच शिकवले."

"फेब्रुवारीत ते कुठं होते?"

"नीतूले धुंडाले वरठीले गेलते. ते सापडो म्हनून नवस बोलले, डोकं-मिशी काढून आले. मंग तापच भरला. दहा दिवस तळ्यावर गेले नाही. जाळं सुदा ओलं नाही केलं." पदरानं डोळे पुसत ती पुन्हा झेरॉक्सकडे वळली. "मॅडम, पुन्याले खरं कार्ड हाय न? ते मले आनून द्या. तिचा हात लागला हाय त्याले."

अस्सल कार्ड आठ दिवसांनी भंडाऱ्याला आलं. तेजस्विनीनं ते संध्याकाळी घरी नेलं आणि खाटेवर ठेवून जेवायला बसली. आतल्या खोलीत चंद्रभान, तिचे वडील, मागावरचा ताणा सोडत होते.

झेरॉक्समध्ये न दिसलेली एक गोष्ट इथं दिसत होती. कार्डाचा वरचा डावा कोपरा फाटला होता. टपालात कार्डं फाटतातच, त्यात नवल नव्हतं. पण एकही अक्षर तुटलं नव्हतं. पहिली ओळ तो कोपरा सोडून, आत सरकून सुरू झाली होती. माथ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

तिची आई गीताबाई भाजी वाढायला वाकल्या आणि कार्डाकडे नजर जाताच त्यांनी हात मागे घेतला.

"हे घरात कायले आनलं व? उचल पयले!"

तेजस्विनी आईकडे बघत राहिली. ताटातला भात तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं एकट्या सुखरामला एकोडीच्या पोस्टात बोलावलं. तो जाळं खांद्यावर टाकूनच आला. डोक्यावर दोन महिन्यांचे खुरटे केस, मिशीही नुकती फुटलेली. टेबलावरचं कार्ड पाहून तो उंबऱ्यातच थबकला.

"हे तुम्ही लिहिलंत, सुखरामभाऊ."

"नाही जी. नीतूचं हाय ते."

"अक्षर नीतूचं वाटतं, कारण तिला ते तुम्ही दिलंत. क्रमांक पेटीतल्या पाकिटांवर आहे, आणि पेटीला हात लावणारे दोघंच. त्यातल्या एकीला लिहिता येत नाही."

सुखरामनं नजर कार्डावरून हटवली.

"वर्गणी बंद करायला वर्गणीदाराचीच सही लागते, म्हणून तिचं नाव घातलंत. तिथवर जमलं. पण कार्ड पुढ्यात घेतलंत आणि लिहायच्या आधीच हातानं कोपरा फाडला. वर 'श्री' सुद्धा लिहवलं नाही. मयताची खबर असलेलं कार्ड आपल्याकडे असंच धाडतात. पुण्याच्या कारकुनाला ते कळलं नाही. मलाही नाही. माझ्या आईला एका नजरेत कळलं." तेजस्विनीनं फाटक्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "पोरगी सापडावी म्हणून नवस बोलणारा मिशी काढत नाही, भाऊ. आणि दहा दिवस ताप नव्हता. सुतक होतं."

जाळं खांद्यावरून घसरून खाली पडलं. सुखराम भिंतीला टेकून बसला. श्यामरावांनी तोंडावर हात धरला.

"वरठीले रेल्वे पोलिसानं कपडे दाखवले," सुखराम म्हणाला. "घड्याळ दाखवलं. मीनंच घेऊन देल्लं होतं, दहावी पास झाली तवा. फारम भराले नागपूरले जाऊन राहिली होती. गाडीत चढता चढता... दिवाळीतच गेली, मॅडम. कोनाची हाय कळलं नाही, म्हनून त्यायनं माती बी देऊन टाकली. मंग मी वैनगंगेवर कनकीची बाहुली केली. तिलेच आग देल्ली."

"बेबीबाईंना का नाही सांगितलं?"

"सांगालेच गेलतो. तं नीतूची माय नवीन पाकीट मांडीवर घेऊन बसली होती. म्हनलं, पयले हे नाव येनं बंद होऊ दे. मंग हयूहयू सांगीन." त्यानं पडलेलं जाळं जवळ ओढलं. "अन् हे काय झालं! आता ते रातभर दाराची कडी काढून ठेवते. पोरगी येईन म्हनते."

चोर सापडला होता, कबुली मिळाली होती, आणि तेजस्विनीला अहवालाचा कागद पुढे ओढवत नव्हता. पकडून पकडला कोणाला, तर या माणसाला!

"तिले नोका सांगू, मॅडम. पाया पडतो."

"खरं कार्ड आलं म्हने?"

बेबीबाई दारात उभी होती. कोणी तरी तिला मॅडमची गाडी आल्याचं सांगितलं असावं. धापा टाकत, हसऱ्या चेहऱ्यानं ती आत आली. तेजस्विनीनं कार्डावर हात ठेवायला उशीर केला. बेबीबाईनं ते उचललंसुद्धा.

तिला वाचता येत नव्हतं. ती नुसती कार्डावरून बोटं फिरवत राहिली, अक्षरांवरून, शिक्क्यावरून, कडेकडेनं वर. वरच्या कोपऱ्याशी बोट थांबलं. ते मागं गेलं आणि पुन्हा तिथंच आलं.



तिनं कार्ड टेबलावर ठेवलं. खाली बसलेल्या सुखरामकडे, त्याच्या खुरट्या केसांकडे ती कितीतरी वेळ पाहत राहिली. मग त्याच्याजवळ जाऊन बसली आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली,

"दोन महिने अकेलेच रडले का जी तुमी?"