डावा पीळ

वॉशिंग मशीनमध्ये कपडे धुतो तो अ‍ॅजिटेटर. बाकी सगळा डबा. टबाच्या मधोमध उभा असतो तो प्लॅस्टिकचा, पंख असलेला खांब. नव्वदच्या दशकाच्या शेवटी नाशिकजवळ अंबडच्या एका कारखान्यात माझं काम तेवढंच होतं: निरनिराळे अ‍ॅजिटेटर बसवून बघायचे आणि कुठला कपड्यांना कसा वागवतो ते साहेबांना सांगायचं. सरळ पंखांचा मळ चांगला काढतो, पण बाह्यांना गाठी मारतो. वरच्या भागाला स्क्रूसारखी धार असलेला कपडे मधून खाली ओढतो आणि कडेनं वर सोडतो, त्यामुळे गुंता कमी होतो. तिसरा म्हणजे खांबच नाही, तळाशी बसवलेली नुसती बशी. ती कपड्यांशी मायेनं वागते, आणि मळाशीही.

माझी धाकटी बहीण प्रतिभा मखमलाबादला दिली होती. तिशी उलटत आली म्हणून आईनं घाई केली आणि बिजवराला होकार दिला. सोमनाथचं घर फुलशेतीवालं. झेंडू, गुलाब तोडायचे आणि पंचवटीच्या बाजारात न्यायचे. घरात तो आणि त्याची आई, लंकाबाई. त्याची पहिली बायको उज्वला शेताशेजारच्या कालव्यावर धुणं धुताना वाहून गेली होती. पाय घसरला, असं आम्हाला सांगितलं.

बोलणीत मी एकच अट घातली, माझी बहीण कालव्यावर जाणार नाही. अट नुसती तोंडी राहू नये म्हणून कारखान्यातलं चाचणीचं एक मशीन मागून घेतलं आणि त्यांच्या मागच्या पडवीत बसवून दिलं. स्क्रूच्या धारेचा अ‍ॅजिटेटर, गच्चीवरच्या टाकीचं पाणी. शेतातल्या मातीवर तो कसा चालतो हे साहेबांनाही बघायचंच होतं.

लंकाबाईंनी त्याला हळदकुंकू लावलं नाही. ‘‘बसून खायची सवय लागंल,’’ एवढंच म्हणाल्या.

पावसाळा सरल्यावर प्रतिभाचा फोन आला.

‘‘दादा, मशीन कपडे पिळून देतंय.’’

‘‘देणारच. शेवटी टब जोरात फिरतो ना.’’

‘‘तसं नाही रे. तू येऊन बघ.’’

रविवारी सकाळी गेलो. मशीन नुकतंच थांबलं होतं. टब फिरला की कपडे कडेला चिकटून बसतात. इथं कडा मोकळ्या होत्या. प्रत्येक कपडा वेगळा, दोरासारखा घट्ट पिळलेला, मधोमध दुमडून एकावर एक रचलेला. हातानं पिळून दगडावर ठेवतात तसा.

मी एक शर्ट उलगडला. अ‍ॅजिटेटर जेवढा उजवीकडे फिरतो तेवढाच डावीकडे, त्यामुळे पडलेला पीळ सुटतो. इथं मात्र सगळ्यांना एकाच बाजूचा पीळ होता. मी स्वतः एक टॉवेल पिळून बघितला. माझा पीळ उलटा पडला.

तळाशी लंकाबाईंचं लुगडं होतं. त्याला पीळ नव्हता. काठाची माती जशीच्या तशी होती. उचललं तर हाताला ओलसुद्धा लागली नाही.

‘‘त्यांचं कधीच धुतलं जात नाही,’’ प्रतिभा हळूच म्हणाली. ‘‘म्हणून आत्याबाई चिडल्यात. म्हणतात मी मुद्दाम करते.’’

मी गाडीतून दुसरे दोन नमुने काढले. आधी सरळ पंखांचा बसवला. त्यानं गाठी मारायला हव्या होत्या. एकही नव्हती. पुन्हा तेच पीळ, तशीच रास, तळाशी कोरडं लुगडं. मग बशी बसवली. बशी काहीही पिळू शकत नाही, हे मी कुणालाही लिहून दिलं असतं. झाकण उघडलं. आत तेच पीळ होते. पाण्याचा थंड वास आला, गाळाचा, शेवाळाचा. टाकीच्या पाण्याला असला वास नसतो.

सोमनाथ दारात उभा होता. ‘‘भाऊ, कपडे स्वच्छ निघतात ना? मग राहू द्या,’’ तो जमिनीकडे बघत म्हणाला.

मी ऐकलं नाही. बशीही काढली. टबात आता नुसता मधला दांडा होता. कपडे टाकले, लुगडंही टाकलं, पाणी भरलं आणि प्लग काढून वायर प्रतिभाच्या हातात दिली.

झाकण लावलं.

आम्ही तिघं तिथंच उभे राहिलो. मशीन बंद होतं. काही वेळानं आतून पाणी निथळल्याचा आवाज आला. कुणी ओला कपडा उचलून धरावा तसा.

मग पुन्हा.

माझा हात झाकणाकडे जाईना. ते प्रतिभानं उघडलं.

कपडे रचून ठेवलेले होते. पाण्याच्या वर.

लंकाबाई कधी आल्या कळलं नाही. त्या मशीनजवळ आल्या नाहीत, पडवीच्या खांबाला धरून उभ्या राहिल्या.

‘‘डावरी व्हती ती,’’ त्या म्हणाल्या. ‘‘समदं डाव्या हातानं. पिळायचीबी डावीकडून. लय बोलायची मी तिला त्यावरून.’’

‘‘आई, गप,’’ सोमनाथ म्हणाला.

‘‘ताप व्हता तिला. उभं राहवत नव्हतं. म्हणली, आत्याबाई, आज नाय जात. मी म्हणलं, माझं लुगडं कोण धुणार, तुझा बाप?’’

सोमनाथ बाहेर निघून गेला. त्याला हे माहीत होतं. लग्नाच्या बोलणीत आमच्यासमोर बसला होता तेव्हाही माहीत होतं.

मी प्रतिभाला म्हणालो, ‘‘पिशवी भर. चल घरी.’’

ती कपडे एकेक उचलून बादलीत ठेवत होती, पीळ न मोडता.

‘‘घरी जाऊन काय करू, दादा? आई पुन्हा एखादा बिजवर शोधेल.’’ तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. ‘‘या घरात माझं काम हलकं करणारी एकटी तीच आहे. तिची मला भीती नाही वाटत.’’

मी पहिला स्क्रूचा अ‍ॅजिटेटर परत बसवला आणि एकटाच निघालो. साहेबांना सांगितलं की शेतातल्या मातीला स्क्रूचा अ‍ॅजिटेटर सगळ्यात चांगला. तो पास झाला. मला बढती मिळाली.

पुढं प्रतिभाकडून एवढंच कळलं की आत्याबाई आता आपलं लुगडं आपणच कालव्यावर नेऊन धुतात. सोमनाथनं नको म्हटलं तरी ऐकत नाहीत.

मार्गशीर्षात एका दुपारी मखमलाबादच्या रस्त्यानं येत होतो. कालव्याला पाणी सोडलेलं होतं, काठोकाठ. पलीकडे झेंडूचं पिवळं शेत, आसपास माणूस नाही. लंकाबाई धुण्याच्या दगडावर बसल्या होत्या. दगड रुंद होता, पण त्या एका टोकाला सरकून बसल्या होत्या. गाडी थांबवून मी हाक मारणार होतो.

त्यांनी लुगड्याला साबण लावला आणि मान न वळवता तो शेजारी पुढं केला. हात परत आला तेव्हा रिकामा होता. दगडावर साबण नव्हता. पाण्यातही पडला नव्हता.

त्या लुगडं चोळत राहिल्या. थोड्या वेळानं त्यांनी हात पुन्हा शेजारी नेला, तळवा वर करून, आणि तसाच धरून ठेवला. बराच वेळ. मग मूठ मिटली, आणि त्या लुगड्याच्या काठाला साबण लावू लागल्या.