शहापूर लिहू का?

रत्नप्रभाबाईंच्या पत्राला मी बारा दिवस उत्तर दिलं नाही. ते प्रेमपत्र होतं की कामाचं, हेच मला कळेना… आणि विचारायचं कुणाला?

२००४ साल. आम्ही तिघं भाताच्या गावठी वाणांवर पुस्तक करत होतो. बाई मुरबाडच्या शाळेत. त्या माहिती लिहायच्या. फोटो काढणारा चंदर टोकावड्याला. मी शहापूरच्या वाचनालयात ग्रंथपाल, मुद्रितं, म्हणजे छपाईआधीची प्रुफं, तपासायचो. भेट क्वचितच. म्हणून पहिल्याच बैठकीत बाईंनी तक्ता केला: शंका असेल तर फोन, मजकूर ई-मेलने, भांडण समोरासमोर.

"आणि… गप्पा?" मी विचारून बसलो.

"गप्पांना रकाना नाय ठेवला," त्या हसल्या. "तुमी कधी मारता?"

दोघंही चाळिशी ओलांडलेले, एकटेच. पण हसणं ते हसणं; त्यात मी काय वाचावं?

पुस्तक छापून झालं आणि टपालाने पत्र आलं. 'बदलीच्या अर्जात एक गाव मागायचंय. शहापूर लिहू का? महिनाअखेरीस अर्ज द्यायचाय.' बस, एवढंच.

ही शंका आहे असं धरून मी फोन केला.

"पत्र मिळालं?"

"मिळालं…"

"मग?"

"चौदाव्या पानावरचा फोटो उलटा छापलाय."

"ते चंदरला सांगा!" फोन ठेवला गेला.

मग मजकूर समजून सायबर कॅफेत बसलो. 'आदरणीय बाई' च्या पुढे बोट हलेना.

अर्जाला चार दिवस उरले, तेव्हा एसटीने मुरबाड गाठलं. बाई शाळेच्या फाटकात होत्या.

"भांडायला आलात?"

"नाही… म्हणजे—"

त्यांच्या बोटांना खडू लागला होता. मी तेवढाच बघत राहिलो.

"साईनाथराव, फोनवर तुमी गोंधळता, समोर गप्प होता. मुद्रिताच्या समासात मात्र किती छान लिहिता! म्हणून तर टपालाने विचारलं."

म्हणजे… शहापूर माझ्यासाठी? खात्री तेव्हाही नव्हती.

समोरच्या पोस्टात जाऊन आंतर्देशीय पत्र घेतलं. उभ्याउभ्या लिहिलं: 'शहापूरच लिहा. शाळेसाठी नव्हे, माझ्यासाठी.' चिकटवलं, वर त्यांचा पत्ता घातला. मागून बाई आल्याच.

"द्या की हातात!"

"नको… तुम्ही वाचाल तेव्हा मी समोर नको."

"अवो, परवा मिळंल ते!"

"परवा चालेल ना?"

त्या लाजून टपालपेटीकडे बघू लागल्या. मी पत्र आत सोडलं.