नावेच्या बुडाचा रंग

होडी घाटाच्या उतारावर आली आणि बैल बुजले.

उतार त्यांना नवा नव्हता. त्याच वाटेनं ते रोज पूर्णेवर पाणी प्यायला यायचे. पण नांदुऱ्याच्या स्टेशनापासून मुकाट चालत आलेल्या दोन्ही जोड्या नदी दिसताच पाय रोवून उभ्या राहिल्या, आणि शेपट्या पिरगाळल्या तरी हलेनात. शेवटी बैल सोडले, आणि माणसांनीच खांदे लावून दोन बैलगाड्यांवर आडवी बांधलेली ती होडी वाळूपर्यंत ढकलत नेली.

"उन्हानं माथं फिरलं त्यायचं," इंद्रभान म्हणाला. ते त्याला मनापासून पटलंही होतं. सरकी काढायच्या कापसाच्या जिनात फिटरच्या हाताखाली दोन वर्षं काढल्यापासून त्याला प्रत्येक गोष्टीमागे एखादा ढिला नट किंवा घासलेला पट्टा दिसायचा. घाटावरच्या इतर नावाड्यांच्या नवसा-उताऱ्यांची तो थट्टा करायचा, आणि त्याची बायको सोजरा त्याच्या पाठीमागे तेच नवस गुपचूप फेडायची. संसार छान चालला होता.

होडी मुंबईच्या कुण्या साहेबाची. शिडाची, हौसेची. साहेब विलायतेला परतला, होडी लिलावात निघाली आणि घाटाचा ठेका घेतलेल्या उत्तमरावांनी ती उचलली. जुना डोंगा मागच्या पुरात वाहून गेला होता. पलीकडे जळगाव जामोदचा बाजार, अलीकडे आगगाडी, आणि पावसाळ्यात मधे ही नदी. मृगाच्या आत नाव पाण्यात पडायलाच हवी होती. पूर्णेवर शीड काय कामाचं? म्हणून डोलकाठी काढून तिच्या भोकात लाकडाचं बूच ठोकून दिलं होतं.

"शीड गेलं तं गेलं," उत्तमराव खुशीत म्हणाले. "माणसं तं बसतीन! इंद्रभान, नाव तुह्या हवाली. चालवणार तू, तं नीट बी तूच कर."

इंद्रभानची छाती दोन बोटं फुगली. आजवर तो दुसऱ्याच्या हाताखाली वल्ही मारत आला होता. आता तो नावेचा माणूस झाला होता, आणि सोजरा नावेची बाई. घाटावर त्या मानाला किंमत होती. नवी नाव पाण्यात घालताना नावाड्याच्या बायकोनं कुंकवाच्या पाण्यात हात बुडवायचे आणि नावेच्या पुढच्या टोकावर दोन पंजे उमटवायचे, अशी इथली रीत. त्याशिवाय नाव लोटत नसत. सोजरानं त्या दिवसासाठी लुगडंही काढून ठेवलं होतं.

होडी वाळूवर पालथी घातली. बुडाला तांबडा रंग होता, जागोजाग फुगलेला. समुद्रात लाकडाला कीड लागते म्हणून तिकडे बुडाला विषारी रंग देतात, असं स्टेशनावरच्या हमालानं सांगितलं होतं. इंद्रभाननं एका कडेला डांबर फासून पाहिलं. दुपारच्या आत ते दुधावरच्या सायीसारखं सरकून वाळूत पडलं. म्हणजे जुना रंग काढल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

त्याचा चुलता कडूबा बाभळीखाली बसून पाहत होता. सारा जन्म त्याचा ह्या घाटावर गेला होता.

"वरवरचं निघते तेवढं काढ," तो म्हणाला. "पार लाकडापर्यंत जाऊ नोको. नावेनं काय काय पाह्यलं असते बापा. ते तिच्यापाशीच राहू द्या लागते."

"काका, नावेले डोये असतात काय?"

"नसतात. म्हून तं म्हणतो."

इंद्रभान हसला आणि त्यानं पटाशी लावली.

तांबडा रंग सोपा गेला. पटाशीपुढे त्याचे पापुद्रे निघत आणि त्याचा तिखट धुरळा घशात बसे. फडकं तोंडाला बांधूनही खोकला थांबत नसे. तांबड्याखाली हिरवा निघाला. बुडाच्या ऐन मध्यावर, कण्याच्या दोन्ही बाजूंना, हिरव्यावर दोन गोल डाग होते. ओलसर. रंग देताना कुणाचं तरी तेल सांडलं असेल, असं म्हणून त्यानं ते खरवडून टाकले.

हिरव्याखाली पांढरा निघाला. डाग तिथेही होते. पण आता ते गोल नव्हते, त्यांना बोटं होती.

"रंगाऱ्यानं ओल्या रंगावर हात टेकले," इंद्रभान कडूबाला म्हणाला. "आमच्या जिनातबी असेच गाढव होते."

कडूबा काठी टेकत आला. त्यानं खूप वेळ पाहिलं.

"रंगारी कडेले उभा राहून हात टेकन," तो हळूच म्हणाला. "मंग बोटं कण्याकडं राहतीन. हे पाह्य, बोटं बाहीर हायेत. कण्यापासून काठाकडं. अन् असे हात टेकवाले बुडाच्या मधोमध खालून यावं लागते."

"खालून कुठून?"

कडूबा नदीकडे पाहत राहिला.

दुसऱ्या दिवशी पांढरा रंगही निघाला आणि खालचं लाकूड उघडं पडलं. सागवान, घट्ट रेषांचं. वैशाखाच्या उन्हात ते बघता बघता तापलं. हात लावला तर चटका बसे. फक्त दोन जागा थंड होत्या. दोन तळवे, दहा बोटं. कुणी ओले हात आत्ताच टेकून उचलावेत तसं लाकडावर पाण्याचं बारीक दंव धरलं होतं.

त्यानं फडक्यानं पुसलं. परत आलं. त्यानं रंधा मारला, लाकडाची सालपटं निघाली, आणि सालपटांखालच्या नव्या लाकडावर तेच दोन पंजे सावकाश ओले झाले.

लाकडानं पाणी धरलं असेल. फळीच्या आत पोकळी असेल. इंद्रभान कारणं शोधत बाभळीखाली आला आणि त्यानं भाकरीचं फडकं सोडलं.

जवारीची भाकर, कांदा, ठेचा. भाकरीवर नेहमीसारखी सोजराच्या बोटांची थाप उठली होती. तिच्या डाव्या करंगळीचं वरचं पेर नव्हतं. लहानपणी माहेरी, वडनेर भोलजीला, जवारी कापताना विळ्यानं गेलं. लग्न झाल्यापासून तो त्या आखूड बोटाची खूण पाहत जेवत आला होता, इतका की आता ती त्याला दिसतही नसे.

त्या दुपारी दिसली.

तो भाकर हातात घेऊन तसाच उठला आणि होडीपाशी गेला. लाकडावरचा डावा पंजा त्यानं नीट पाहिला. चार बोटं पुरी होती. करंगळी आखूड. भाकर त्यानं जवळ धरली. बोटांमधलं अंतर तेच. अंगठा जरा बाहेर वाकलेला, तोही तसाच.

मुंबईच्या साहेबाची होडी. तीन रंगांच्या खाली. आणि सोजरानं आगगाडीसुद्धा कधी जवळून पाहिली नव्हती.

ती भाकर इंद्रभाननं खाल्ली नाही, नदीत सोडली, आणि मग सोजराच्या हाताची खूण आपणच नदीला दिली म्हणून त्याला आणखीच भीती वाटली.

घरी तो सोजराला एवढंच म्हणाला, "नावेले पंजे तू लावू नोको. घाटावरबी येऊ नोको."

"काऊन?"

"मी म्हणतो म्हून."

तिचे डोळे भरले. "मान माहा हाये. गावातल्या बाया काय म्हणतीन? हिच्यात काय खोट हाये म्हणतीन का नाही?"

"म्हणू दे."

"तुम्ही तं कायीच मानत नाही. अन् आता एकदम हे काय?"

काय सांगणार? तुझे हात मी नावेच्या बुडावर पाहिले, असं सांगणार? ते तोंडातून काढलं असतं तर खरं झालं असतं, असं त्याला वाटलं, आणि असं वाटणाऱ्या माणसांची आपण आजवर थट्टा केली हेही आठवलं. सोजरा त्याला फार प्रिय होती. तो ते कधी बोलला नव्हता, आणि त्या संध्याकाळीही त्याला फक्त ओरडताच आलं.

सकाळी त्यानं उत्तमरावांना गाठलं. ही नाव नको, म्हणाला. उत्तमरावांनी आभाळाकडे बोट दाखवलं. सातपुड्याच्या अंगाला ढग जमू लागले होते.

"आता दुसरी कुठून आणू बे? तुले भेव वाटत असन तं सांग, दुसरा माणूस पाह्यतो."

दुसरा माणूस आला असता तर दुसरी बाई आली असती. मग सोजराचा ह्या नावेशी संबंधच उरला नसता. इंद्रभानला हे सुचलं, नाही असं नाही. पण उत्तमरावांच्या अंगणात चार माणसं बसली होती, आणि 'भेव' हा शब्द त्यांच्यासमोर पडला होता.

"भेव कायचं?" तो म्हणाला.

त्यानं फळ्यांच्या सांध्यांत कापसाच्या वाती ठोकल्या, राळ भरली आणि सबंध बुडाला डांबर फासलं. मधल्या दोन जागांवर थरावर थर चढवले. डांबर बसलं. काळंभोर, चकचकीत, कुठे डाग नाही. मग त्याला जरा बरं वाटलं.

नाव लोटायच्या सकाळी सोजरा घरीच राहिली. नैवेद्याच्या पोळ्या तिच्याकडे होत्या, तेवढाच मान. पंजे कडूबाची बायको मंजुळाबाई हिनं उमटवले. बायांमध्ये कुजबूज झाली. उत्तमरावांनी नारळ फोडला, आठ-दहा माणसांनी जोर लावला आणि होडी अलगद पाण्यात उतरली. एक थेंब आत आला नाही. लोकांनी आरोळी दिली.

इंद्रभान आणि कडूबा तिला मधल्या डोहावर घेऊन गेले. उन्हाळ्यातही तिथे बांबू तळाला लागत नसे.

पाणी संथ होतं. वारा नव्हता.

तेव्हा इंद्रभानच्या तळपायांना जाणवलं. खालून. आधी एक थाप, मग दुसरी. मऊ, सपाट. बाई भाकर थापते तशी.

त्यानं कडूबाकडे पाहिलं. कडूबानं वल्हं पाण्याबाहेर काढून धरलं होतं.

"गाळ असन," इंद्रभान म्हणाला.

"अठी गाळ नाही," कडूबा म्हणाला. "परत घे."

थापा पुन्हा झाल्या नाहीत. काठाला लागताच इंद्रभाननं उडी मारली आणि तो घराकडे धावत सुटला. मागे लोक हसले असतील, त्यानं वळून पाहिलं नाही.

सोजरा अंगणात होती. रांजणापाशी बसून हात धूत होती. ती जिवंत होती, कोरडी होती, तिच्या कपाळावर पिठाची रेघ होती. इंद्रभान धाप लागल्यामुळे कुडाला टेकला आणि त्याला रडू फुटलं.

"आवं, काय झालं? नाव बुडाली काय?"

"नाही. कायी नाही. पाण्यात चांगली गेली." तो तिच्यापाशी खाली बसला. "पुढच्या खेपेले पंजे तूच लावजो. माहंच चुकलं."

"आता लाडीगोडी लावून राह्यले," ती म्हणाली, पण हसली. "हे पाहा ना, काय झालं. केव्हाची घासून राह्यली, निघतच नाही."

तिनं तळहात पुढे केले. दोन्ही काळेभोर होते. चकचकीत डांबर, नुकतंच फासल्यासारखं.

"घाटावर गेलती?"

"तुमची आण, उंबऱ्याबाहीर पाय नाही टाकला. पुरणाची पोळी हातानंच थापून राह्यली होती. पोळपाटावरून हात उचलले तं हे असं."

तिनं त्याची खोटी आण कधीच घेतली नसती.

त्यानं घरातून घासलेट आणि चिंधी आणली, तिचा डावा हात आपल्या मांडीवर घेतला आणि घासू लागला.

डांबर सुटलं. खाली तांबडं होतं.

"मेंदी वाटते," सोजरा म्हणाली.

त्यानं घासलं. तांबड्याचे पापुद्रे निघाले. खाली हिरवं होतं.

त्याचा हात मंदावला. घशात तो तिखट धुरळा पुन्हा बसल्यासारखा वाटला. हिरवं निघालं. खाली पांढरं होतं, गुळगुळीत, सबंध तळहातभर.

आखूड करंगळीच्या टोकाशी पांढऱ्याचा पापुद्रा किंचित उचलला गेला होता. त्याच्या खालून पाण्याचा एक थेंब आला आणि बोटावरून ओघळत मनगटाकडे गेला. थंड होता.

इंद्रभाननं चिंधी खाली ठेवली.

"काऊन थांबले?" सोजरा म्हणाली. "निघून तं राह्यलं."