झाकून ठेवलेलं ताट

चटई थोडी इकडे ओढा. आणि त्या दिव्याला किडे येतायत, घालवा तो. भ्यायचंच असेल तर नीट अंधारात भ्या, अर्धवट काय कामाचं?

ही गोष्ट माझ्या मित्राची. शाळेपासून आम्ही त्याला बंब म्हणतो. देह तसाच, आणि आत सतत काहीतरी घालावं लागायचं म्हणूनही. पुढे गणिताचा मास्तर झाला. उभ्या आयुष्यात तो एकच खोटं बोलत आला, 'मी घरून जेवून आलोय,' आणि तेही आमच्याकडे ताटावर बसता बसता. भुताबितांचं नाव काढलं की पोट हलवत हसायचा. म्हणून त्याने मला हे सांगितलं तेव्हा मी हसलो नाही.

त्याची एकुलती एक लेक, घरी तिला माऊ म्हणतात, विद्यापीठात शिकायला गेली. बंब तिला हॉस्टेलवर सोडायला गेला होता. जुलैचा शेवटचा रविवार, संध्याकाळचे साडेसात वाजून गेलेले. हॉस्टेलच्या बाईंनी नव्या मुलींना नियम ऐकवायला बसवलं आणि आईबापांना बाहेर काढलं. जाता जाता माऊ म्हणाली, "बाबा, तोवर ते नवीन स्टुडंट सेंटर बघून या ना. तिथं खायची पुष्कळ दुकानं आहेत म्हणे. मला काय चालेल तेवढं विचारून ठेवा. आटपलं की मी तिकडेच येते."

माऊला शेंगदाणा चालत नाही. चालत नाही म्हणजे आवडत नाही असं नव्हे. लहान असताना शेजाऱ्यांकडे तिने एक बिस्कीट खाल्लं आणि गळा आतून असा सुजला, की दवाखाना गाठेपर्यंत पोर निळी पडली होती. तेव्हापासून पुड्यावरची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय बंब घरात काही येऊ देत नसे. आता ती परक्या गावात, रोज बाहेरचं खाणार. बाप मात्र तोंडावर हसू ठेवून होता.

इमारत कोरी करकरीत. समोर सगळी काच, रंगाचा वास अजून गेलेला नाही. आत पोरं टेबल टेनिस खेळतायत, काही गाद्यांवर लोळून अभ्यास केल्यासारखं करतायत. एका बाजूला ओळीने खाण्याचे काउंटर. सूप, नूडल्स, पिझ्झा, सँडविच, ज्यूस. बंबला वाटलं, आपण जन्माला यायची फारच घाई केली.

प्रत्येकाकडे जाऊन तो विचारू लागला. नूडल्सवाला प्रामाणिक निघाला. म्हणाला, "काका, आमच्या सॉसमध्ये दाण्याचं कूट असतं. मुलीला इथं नका पाठवू." बंबने त्याचा हात हातात घेऊन दाबला. ज्यूसवाला मात्र वैतागला.

"अहो, ज्यूसमध्ये शेंगदाणे कोण घालतं?"

"माझा माणसांवर भरवसा नाही."

"मग घरीच ठेवायची होती मुलीला!"

ते बंबला लागलं. तो पुढच्या काउंटरकडे वळला. सँडविचच्या काउंटरवरच्या मुलीने भांडीसुद्धा दाखवली, वर म्हणाली, "एवढंच आहे काका. बाकीचं अजून सुरू व्हायचंय."

तो वळला, तर कोपऱ्यात खाली जाणारा जिना. खालून उजेड येत होता. आणि गरम जेवणाचा वास. दुकानातलं नव्हे, घरचं असावं तसं.

मास्तर माणूस. एक गणित सोडवायचं राहिलं तरी त्याला चैन पडत नाही. उतरला.

खाली लांबच लांब, बुटक्या छताची खोली. टेबलांच्या रांगा. खुर्च्यांवर माणसं, बहुतेक सगळी तरुण. प्रत्येकासमोर ताट. वर एवढा कल्ला चालला होता, आणि इथं चमचाही वाजत नव्हता.

टोकाला एकच काउंटर. मागे एक बाई, डोक्याला पांढरी टोपी.

"या. दोघं ना?"

"हो, म्हणजे मुलगी मागून येतेय. तिला एक गोष्ट चालत नाही..."

"माहीत आहे," बाई म्हणाली.

बंबला वाटलं, वरून कुणीतरी सांगितलं असेल. बाईने दोन ताटं मांडली. वर झाकणं.

"नाही नाही, मी नुसता बघायला आलोय," तो हसत म्हणाला, आणि निघाला.

जिन्याच्या तोंडाशी दार होतं. येताना ते होतं का, आठवेना. त्याने ढकललं. पलीकडे लांबच लांब, बुटक्या छताची खोली. टेबलांच्या रांगा. टोकाला काउंटर.

"बसा ना," बाई म्हणाली.

तो पुन्हा वळला. पुन्हा दार. पुन्हा तीच खोली. फक्त या वेळी एका रांगेतली माणसं सरकून बसली होती. मध्ये दोन खुर्च्या रिकाम्या. त्यांच्यासमोर ती दोन ताटं.

मोबाइल काढला. रेंज नाही. शर्ट पाठीला चिकटला.

रिकाम्या खुर्चीशेजारी एक गृहस्थ बसले होते. बंबच्याच वयाचे, मांडीवर पिशवी घट्ट धरलेली. ते मान न वळवता हळूच म्हणाले, "मीसुद्धा नुसता बघायलाच आलो होतो."

"तुमची... मुलगी?"

"मुलगा."

"कुठंय तो?"

"आला ना. मी खालून हाक मारली... आला. जेवला."

त्यांच्या पलीकडे कुणीतरी खाली मान घालून बसलं होतं. बंबने तिकडे नीट पाहिलं नाही. मला म्हणाला, "पाहिलं असतं तर उठलो नसतो."

तेवढ्यात, रेंज नसतानाही, मोबाइल थरथरला. माऊचा मेसेज. 'पोहोचले. खाली आहात ना? येते.'

आणि छताच्या वर कुठेतरी पावलं.

"बाबा?"

बंबने तोंड उघडलं. येऊ नकोस, म्हणायचं होतं. आवाज फुटेना. बाई अनवाणी पावलांनी टेबलाशी आली आणि तिने एका ताटावरचं झाकण उचललं. वाडग्यात दाट सूप. वर तेलाचा तवंग. आणि वास... भाजलेल्या दाण्यांचा.

पावलं जिन्यावर आली.

एक पायरी.

थांबली.

"बाबा, इथं आहात का?"

सगळ्या खोलीने माना वळवल्या. दाराकडे. वाट बघत.

आणि बंब बसला. आपल्या जागी नव्हे. माऊच्या. तिचं ताट ओढलं आणि खायला लागला. सूप जीभ भाजत उतरत होतं. खाल्लं. त्यातलं सगळं खाल्लं, बोटांनी निपटून खाल्लं. आयुष्यभर माणूस चवीने जेवला, पण त्या दिवशी कशालाच चव नव्हती. ताट पालथं करून त्याने बाईला दाखवलं.

"तिचं संपलं," तो म्हणाला. आता आवाज आला होता. "तिला वाढायला काही नाही."

बाईने ते पालथं ताट उचलून बाजूला ठेवलं.

"तुमचं राहिलंय."

"ते... नंतर. मी येईन."

"नक्की?"

बंबने दाराकडे पाहिलं.

"नक्की?"

"...येईन."

"बरं," बाई म्हणाली. "झाकून ठेवते."

शेजारचे गृहस्थ रडत होते. आवाज न करता.

मग त्याला कळलं तेव्हा तो जिन्याच्या तळाशी, बंद दाराला पाठ टेकून बसला होता, आणि समोर माऊ त्याचे खांदे हलवत होती. "बाबा, घाम किती आलाय! इथं एकटे काय करताय?" त्याने तिला तोंडाशी येऊ दिलं नाही. आधी नळ गाठला, हात धुतले, चुळा भरल्या, पुन्हा धुतले. मग पोरीला जवळ घेतलं.

त्याच आठवड्यात त्याने तिला दुसऱ्या कॉलेजात घातलं. आता ती नोकरी करते, सुखात आहे. बंब गेल्या महिन्यात भेटला. निम्मा झालाय. चार घास खातो आणि पाणी पितो.

एक सांगायचं राहिलं.

त्या संध्याकाळी 'आत माणसं आहेत' असं बंब म्हणत राहिला, म्हणून माऊने वॉचमनला बोलावलं. तो म्हणाला, "साहेब, खाली काही नाही. सामानाची खोली आहे. इमारत बांधून झाल्यापासून बंदच आहे." दाराला बाहेरून कुलूप. त्याने किल्ली आणून उघडलं, बॅटरी मारली. लहानशी खोली. भिंतीला उभ्या केलेल्या लाद्या. जमिनीवर सिमेंटची पांढरी धूळ, पिठासारखी.

त्या धुळीत बंबच्या बुटांचे ठसे होते. खोलीच्या मधूनच सुरू झालेले. सरळ दारापर्यंत. आत गेलेला एकही नाही.

माऊ वाकून बघत होती.

"बाबा... हे दुसरे कुणाचे?"

बुटांना लागूनच, अगदी शेजारून, अनवाणी पावलं उमटली होती. तीही दारापर्यंत.

बाहेर पडलेली.